जुन्या ईमेलच्या फाइली कोठे सापडतात? मेल प्रोग्रॅम बदलताना करावयाचा शोध

मेल प्रोग्रॅम आणि त्यातून दिसणारी मेल या दोन वेगळ्या वस्तू आहेत, ही गोष्ट जुना संगणक बदलण्याची वेळ येईपर्यंत बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. आउटलुक, थंडरबर्ड किंवा एके काळचा आउटलुक एक्सप्रेस ही पत्रे वाचण्याची, लिहिण्याची आणि लावून ठेवण्याची साधने होत. पत्रे स्वतः संगणकाच्या डिस्कवर फाइलींच्या रूपाने पडून असतात, आणि प्रोग्रॅम काढून टाकला तरी त्या फाइली सहसा जागच्या जागी राहतात. नव्या संगणकावर प्रोग्रॅम कितीही व्यवस्थित बसवला, पण त्या फाइली सोबत नेल्या नाहीत, तर तो रिकामाच उघडतो. म्हणून स्थलांतराच्या कामाची सुरुवात जुन्या फाइलींच्या शोधापासून करावी लागते, आणि हा शोध तीन प्रश्नांच्या उत्तरांवर अवलंबून असतो: फाइल कोठे आहे, ती कोणत्या घडणीची आहे आणि तिच्यातील मजकूर कोणत्या लिपिसंकेतात लिहिलेला आहे.

नालासोपारा पूर्वेकडील तुळिंजसारख्या दाट वस्तीत या प्रश्नाचे व्यावहारिक रूप सहज ध्यानात येते. गृहनिर्माण संस्थेचे कार्यालय, करसल्लागाराची पेढी किंवा लहान उद्योगाचा गाळा अशा ठिकाणी एकच संगणक वर्षानुवर्षे त्याच टेबलावर चालतो, तो चालवणारी माणसे मात्र बदलत जातात, आणि प्रत्येकाने आपल्या सवयीचा प्रोग्रॅम वापरलेला असतो. विकासकाशी झालेला पत्रव्यवहार, ३ जुलै २००९ रोजी अस्तित्वात आलेल्या वसई-विरार शहर महानगरपालिकेशी झालेली लिखापढी, किंवा मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे विकासकाने जमीन संस्थेच्या नावे करून न दिल्यास ती सक्षम प्राधिकाऱ्याकडून करून घेण्यासाठी, जमवलेली माहिती अशा संगणकातच अडकलेली असते. त्यात पावसाचे भय वेगळेच. जुलै २०१८मध्ये नालासोपारा स्थानकातील रूळ पाण्याखाली जाऊन लोकल बंद पडल्या, तेव्हा या परिसरातील तळमजल्यांवरही पाणी शिरले होते. टेबलाखाली ठेवलेल्या संगणकाच्या डब्याला असे पाणी लागले, तर त्यातील डिस्क आणि पत्रे दोन्ही गमावण्याची वेळ येते. त्यामुळे फाइली कोठे आहेत हे माहीत असणे प्रोग्रॅम बदलणार नसलेल्यालाही उपयोगाचे आहे.

शोधापूर्वीचा प्रश्न: पत्रे सर्व्हरवर की डिस्कवर

डिस्कवर शोध घेण्यापूर्वी पत्रे मुळात तेथे आहेत का, हे ठरवावे, आणि त्यासाठी खाते कोणत्या पद्धतीने जोडलेले होते ते पाहावे. पॉप आणि आयमॅप या दोन पद्धती प्रचलित आहेत. पॉप पद्धतीत प्रोग्रॅम सर्व्हरवरून, म्हणजे मेलसेवा देणाऱ्या कंपनीच्या संगणकावरून, पत्रे उतरवून घेतो आणि वेगळी सूचना दिलेली नसल्यास सर्व्हरवरील प्रत पुसून टाकतो. डाकघरातून पत्र घरी आणल्यावर डाकघरात काही उरत नाही, तसाच हा व्यवहार. आयमॅप पद्धतीत मूळ पत्र सर्व्हरवरच राहते आणि डिस्कवर सोयीपुरती प्रत ठेवली जाते, त्यामुळे नव्या प्रोग्रॅममध्ये तेच खाते त्याच पद्धतीने जोडले की पत्रे पुन्हा उतरतात आणि फाइलींच्या शोधाची गरज बहुतांशी उरत नाही.

बहुतांशी असे म्हणण्याचे कारण असे की आयमॅप खाते असलेल्या प्रोग्रॅममध्येही काही फोल्डर केवळ डिस्कवरचे असतात. थंडरबर्डमध्ये ‘लोकल फोल्डर्स’ या नावाखाली दिसणारी पत्रे सर्व्हरवर नसतात, आणि आउटलुकमध्ये जुनी पत्रे आपोआप बाजूला काढण्याची सोय चालू असल्यास ती ‘आर्काइव्ह’ नावाच्या स्वतंत्र फाइलीत गेलेली असतात. यासाठी खात्याच्या मांडणीत सर्व्हरचा प्रकार पाहून घ्यावा, नंतर ब्राउझरमधून तेच खाते उघडून सर्वांत जुने पत्र किती सालचे आहे ते प्रोग्रॅममधील सर्वांत जुन्या पत्राशी ताडून पाहावे. दोन्हींत फरक आढळला, तर मधल्या काळातील पत्रे फक्त डिस्कवर आहेत असे समजून पुढील शोध घ्यावा.

डब्यात डबा

मेलच्या फाइली सहज हाती लागत नाहीत, कारण विंडोज प्रणाली त्या सामान्य दस्तऐवजांच्या फोल्डरात न ठेवता अनेक पातळ्या खाली आणि बहुधा लपलेल्या फोल्डरात ठेवते. तुळिंजहून रेल्वेमार्ग ओलांडून पश्चिमेला गेले की सोपाऱ्याचा स्तूप लागतो. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो उकरला, तेव्हा दगडी पेटीत तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, त्यात दगडी, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा करंडक अशी रचना आढळली. मेलच्या फाइलीची जागाही याच रीतीने बांधलेली असते, आणि मधला एखादा डबा दिसत नसेल तर आतल्या डब्यापर्यंत पोहोचता येत नाही.

विंडोजच्या अलीकडच्या आवृत्त्यांत हा न दिसणारा डबा म्हणजे ‘ॲपडेटा’ हा फोल्डर होय. सी ड्राइव्हमध्ये ‘यूजर्स’, त्यात वापरकर्त्याच्या नावाचा फोल्डर आणि त्यात ‘ॲपडेटा’ अशी त्याची जागा असून त्याच्या आत ‘लोकल’ आणि ‘रोमिंग’ हे महत्त्वाचे दोन कप्पे असतात. तो दिसावा यासाठी फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’ यादीतील ‘हिडन आयटम्स’ हा पर्याय निवडावा. त्याच यादीत फाइलींच्या नावांची एक्स्टेन्शने, म्हणजे टिंबानंतरची ओळख सांगणारी अक्षरे, दाखवण्याचाही पर्याय असतो. तोही निवडून ठेवावा, कारण पुढील ओळख बरीचशी या अक्षरांवरूनच पटते. विंडोज एक्सपीमध्ये मात्र ‘यूजर्स’ऐवजी ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ आणि ‘ॲपडेटा, लोकल’ऐवजी ‘लोकल सेटिंग्ज’मधील ‘ॲप्लिकेशन डेटा’ अशी नावे आहेत.

आउटलुक एक्सप्रेस: प्रत्येक फोल्डराची एक डीबीएक्स फाइल

विंडोज एक्सपीबरोबर येणारा आउटलुक एक्सप्रेस अनेक वर्षे घरोघरी वापरला गेला. एक्सपीला मिळणारे मायक्रोसॉफ्टचे पाठबळ ८ एप्रिल २०१४ रोजी थांबले, तरी माळ्यावर ठेवलेल्या अनेक संगणकांत ही पत्रे अद्याप असू शकतात. या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक फोल्डरासाठी डीबीएक्स प्रकारची एक फाइल असते: इनबॉक्सची एक, पाठवलेल्या पत्रांची एक, आणि ‘फोल्डर्स’ नावाची एक, जिच्यात पत्रे नसून बाकीच्या फाइलींची मांडणी नोंदलेली असते. या सर्व ‘ॲप्लिकेशन डेटा’मधील ‘आयडेंटिटीज’, त्यात महिरपी कंसातील लांबलचक अंकाक्षरांचा फोल्डर, त्यात ‘मायक्रोसॉफ्ट’ आणि शेवटी ‘आउटलुक एक्सप्रेस’ या जागी असतात. एकाच संगणकावर एकाहून अधिक व्यक्तींनी स्वतंत्र ओळख तयार केली असल्यास महिरपी कंसाचे फोल्डरही तितकेच असतात, आणि त्यांतील प्रत्येक उघडून पाहावा लागतो.

जुना संगणक चालू होत असल्यास हा मार्ग पाठ करण्याचे कारण नाही. प्रोग्रॅमच्या ‘टूल्स’ यादीतील ‘ऑप्शन्स’, तेथील ‘मेंटेनन्स’ पान आणि त्यावरील ‘स्टोअर फोल्डर’ हे बटण दाबल्यावर एका अरुंद चौकटीत पूर्ण पत्ता दिसतो. चौकट लहान असल्याने पत्त्याचा शेवट नजरेआड राहतो. त्यामुळे तो हाताने उतरवून न घेता चौकटीत कर्सर ठेवून सुरुवातीपासून शेवटपर्यंत निवडावा, त्याची नक्कल घ्यावी आणि ‘स्टार्ट’मधील ‘रन’च्या चौकटीत चिकटवावी, म्हणजे नेमका तोच फोल्डर समोर उघडतो.

या फाइलींबाबत दोन अडचणी नेहमी येतात. पहिली आकाराची: एक डीबीएक्स फाइल २ जीबीच्या मर्यादेपर्यंत पोहोचली की ती बिघडण्याचा धोका असतो, आणि पुसलेल्या पत्रांची जागा फोल्डर ‘कॉम्पॅक्ट’ केल्याशिवाय मोकळी होत नाही, म्हणून फाइलीच्या आकारावरून आत किती पत्रे आहेत याचा अंदाज बांधू नये. दुसरी अडचण सीडीवर घेतलेल्या बॅकअपची. सीडीवरून परत उतरवलेल्या फाइलींना ‘रीड ओन्ली’, म्हणजे केवळ वाचण्यापुरता, असा गुण चिकटून येतो आणि मग आउटलुक एक्सप्रेस त्या उघडण्यास नकार देतो. फाइल बिघडली असा समज करून ती टाकून देण्यापूर्वी तिच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ती खूण काढून पाहावी. पत्त्यांची वही मात्र डीबीएक्समध्ये नसते. ती डब्ल्यूएबी प्रकारच्या वेगळ्या फाइलीत, ‘लोकल सेटिंग्ज’मधील नव्हे तर थेट वापरकर्त्याच्या फोल्डरातील ‘ॲप्लिकेशन डेटा’मधील ‘मायक्रोसॉफ्ट, ॲड्रेस बुक’ या फोल्डरात असते आणि बॅकअप घेताना हमखास विसरली जाते.

विंडोज मेल आणि लाइव्ह मेल: प्रत्येक पत्राची एक फाइल

विंडोज व्हिस्टाबरोबर आलेला विंडोज मेल आणि त्यानंतरचा विंडोज लाइव्ह मेल यांनी साठवणीची रीत बदलली. येथे प्रत्येक पत्राची ईएमएल प्रकारची स्वतंत्र फाइल होते आणि पत्रांचे फोल्डर हे डिस्कवरही फोल्डर म्हणूनच दिसतात. त्यांची जागा ‘ॲपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट’ यानंतर अनुक्रमे ‘विंडोज मेल’ किंवा ‘विंडोज लाइव्ह मेल’ अशी आहे. लाइव्ह मेलचे पाठबळ जानेवारी २०१७मध्ये संपले असले, तरी त्याच्या फाइली स्थलांतराच्या दृष्टीने सर्वांत सोप्या ठरतात, कारण ईएमएल हे मूळ पत्राचे जवळजवळ जसेच्या तसे रूप असून बहुतेक मेल प्रोग्रॅम ते वाचू शकतात.

आउटलुक: पीएसटी आणि ओएसटी यांतील भेद

कार्यालयांत वापरला जाणारा आउटलुक आणि वर वर्णिलेला आउटलुक एक्सप्रेस यांचे नावापलीकडे फारसे नाते नाही. आउटलुक सर्व फोल्डर, पत्ते, दिनदर्शिका आणि कामांच्या नोंदी एकाच पीएसटी फाइलीत ठेवतो. २००७पर्यंतच्या आवृत्त्यांत ही फाइल ‘लोकल’ कप्प्यातील ‘मायक्रोसॉफ्ट, आउटलुक’ या लपलेल्या जागी असे. २०१०च्या आवृत्तीपासून पॉप खात्याची नवी पीएसटी फाइल ‘डॉक्युमेंट्स’मधील ‘आउटलुक फाइल्स’ या उघड फोल्डरात तयार होऊ लागली. जुनी आवृत्ती अद्ययावत केलेल्या संगणकावर मात्र फाइल जुन्याच जागी राहिलेली असते. प्रोग्रॅम उघडत असल्यास ‘अकाउंट सेटिंग्ज’मधील ‘डेटा फाइल्स’ या पानावर जोडलेल्या सर्व फाइलींची यादी मिळते आणि ‘ओपन फाइल लोकेशन’ या बटणाने त्या जागी पोहोचता येते.

याच यादीत ओएसटी प्रकारची फाइलही दिसू शकते आणि तेथेच अनेकांची फसगत होते. पीएसटी हे स्वतंत्र दप्तर असून ते उचलून दुसऱ्या संगणकावर नेता येते. ओएसटी ही सर्व्हरवरील पत्रांची त्या खात्याशी आणि त्या संगणकाशी बांधलेली प्रत असून ती दुसरीकडे नेऊन आउटलुकमध्ये उघडता येत नाही. म्हणून खाते बंद होण्यापूर्वी किंवा जुना संगणक मोडीत काढण्यापूर्वी प्रोग्रॅममधील ‘एक्स्पोर्ट’ सोयीने ओएसटीतील पत्रे पीएसटीत काढून घ्यावीत. खाते गेल्यानंतर हा सोपा मार्ग बंद होतो.

पीएसटीची नक्कल घेताना आउटलुक पूर्णपणे बंद असावा. जुन्या घडणीच्या, म्हणजे २००२पर्यंतच्या आवृत्त्यांनी तयार केलेल्या, पीएसटीची मर्यादा २ जीबी असून तिच्या जवळ पोहोचलेली फाइल नव्या घडणीच्या पीएसटीत उतरवून घेणे इष्ट असते. २००३पासूनची घडण युनिकोडवर आधारलेली आहे आणि २०१०पासून तिची नेहमीची मर्यादा ५० जीबी आहे. फाइल उघडताना दोष दाखवत असल्यास आउटलुकसोबतच येणारे ‘स्कॅनपीएसटी’ हे दुरुस्तीचे साधन वापरावे, परंतु ते मूळ फाइलीवर न चालवता तिच्या नकलेवर चालवावे.

थंडरबर्ड: एक्स्टेन्शन नसलेली फाइल

मोझिलाचा थंडरबर्ड हा डिसेंबर २००४मध्ये पहिल्या पूर्ण आवृत्तीसह आलेला, विनामूल्य आणि मुक्तस्रोत प्रोग्रॅम असून अनेक स्थलांतरे त्याच्याकडे किंवा त्याच्यापासून होतात. त्याची सर्व सामग्री ‘प्रोफाइल’ नावाच्या एका फोल्डरात असते आणि त्याची जागा ‘ॲपडेटा, रोमिंग, थंडरबर्ड, प्रोफाइल्स’ ही आहे. लिनक्सवर तो वापरकर्त्याच्या मुख्य फोल्डरातील टिंबाने सुरू होणाऱ्या, आणि म्हणून लपलेल्या, ‘थंडरबर्ड’ फोल्डरात, तर मॅकवर ‘लायब्ररी’मधील ‘थंडरबर्ड’मध्ये असतो. प्रोग्रॅम चालत असल्यास ‘हेल्प’मधील ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ या पानावर ‘प्रोफाइल फोल्डर’ची ओळ असते आणि तिच्यापुढील बटणाने तो थेट उघडतो.

‘प्रोफाइल्स’मध्ये शिरल्यावर पुष्कळदा दोन फोल्डर दिसतात, दोहोंच्या नावाची सुरुवात आठ अंकाक्षरांनी होते आणि शेवट एकाचा ‘डिफॉल्ट’ने, तर दुसऱ्याचा ‘डिफॉल्ट-रिलीज’ने होतो. नावावरून त्यांतील खरा कोणता ते ठरवू नये. दोहोंचा आकार आणि आतील फाइलींच्या शेवटच्या बदलाची तारीख पाहावी. काही केबींचा फोल्डर हा रिकामा साचा असतो आणि शेकडो एमबींचा, अलीकडच्या तारखेचा फोल्डर कामाचा असतो.

प्रोफाइलमध्ये ‘मेल’ या फोल्डरात पॉप खात्यांची आणि ‘लोकल फोल्डर्स’ची पत्रे, तर ‘आयमॅपमेल’ या फोल्डरात आयमॅप खात्यांच्या प्रती असतात. त्यांच्या आत ‘इनबॉक्स’ नावाच्या दोन फाइली शेजारीशेजारी दिसतात: एकीला एक्स्टेन्शन मुळीच नसते आणि दुसरीला एमएसएफ हे असते. नवखा माणूस एक्स्टेन्शन असलेली फाइल महत्त्वाची मानतो, वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. एक्स्टेन्शन नसलेली फाइल एमबॉक्स घडणीची असून तिच्यात सर्व पत्रे एकाखाली एक लिहिलेली असतात. एमएसएफ ही केवळ तिची अनुक्रमणिका असून ती पुसली गेली तरी थंडरबर्ड ती पुन्हा तयार करतो. उपफोल्डर असल्यास त्यांच्या फाइली मूळ फोल्डराच्या नावाला एसबीडी जोडून बनलेल्या फोल्डरात असतात. पत्त्यांची वही, परवलीचे शब्द आणि मांडणीच्या नोंदी प्रोफाइलमध्येच वेगवेगळ्या फाइलींत असल्याने थंडरबर्डमधून थंडरबर्डमध्ये जाताना संपूर्ण प्रोफाइल उचलणे हाच सरळ मार्ग होय.

मराठी नावांच्या फोल्डरांविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आयमॅप खात्यात ‘देखभाल शुल्क’ असा फोल्डर केला असल्यास डिस्कवरील त्याची फाइल त्या नावाने शोधून सापडत नाही, कारण आयमॅपच्या जुन्या संकेतानुसार रोमनेतर नावे बदलून लिहिली जातात आणि ‘आणि’ या अर्थाच्या रोमन चिन्हाने सुरू होणारी, अर्थहीन भासणारी अक्षरमाळ फाइलीचे नाव म्हणून उरते. अशी नावे दिसल्यास ती कचरा समजून पुसू नयेत. मराठी फोल्डर बहुधा तेथेच असतात.

युडोरा आणि त्याआधीचे दिवस

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, त्या काळापासूनची पत्रे जपून ठेवलेल्या वाचकाला युडोरा या प्रोग्रॅमच्या फाइलीही आढळू शकतात. स्टीव्ह डॉर्नर यांनी १९८८मध्ये लिहिलेल्या या प्रोग्रॅमच्या पत्रफाइली एमबीएक्स प्रकारच्या, तर अनुक्रमणिका टीओसी प्रकारच्या असतात. युडोरा अटॅचमेंट पत्रातून काढून वेगळ्या ‘अटॅच’ फोल्डरात ठेवत असे, त्यामुळे केवळ एमबीएक्स फाइली उचलल्यास मजकूर येतो आणि सोबतचे कागद मागेच राहतात.

जुना संगणक सुरूच होत नसेल तर

विंडोज उघडत नसलेल्या संगणकाची डिस्क पुष्कळदा शाबूत असते. ती काढून यूएसबी केसिंगमध्ये, म्हणजे डिस्कला बाहेरून जोडता येईल अशा पेटीत, बसवली की दुसऱ्या संगणकावर ती पेनड्राइव्हसारखी दिसते. वापरकर्त्याचा फोल्डर उघडताना परवानगी नसल्याचा संदेश आल्यास प्रशासक खात्यातून ती परवानगी घ्यावी लागते. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद केलेली असल्यास मात्र ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली आवश्यक असते. पाण्यात भिजलेली डिस्क चालू होते का, हे पाहण्यासाठी तिला वीज देऊ नये. तशी ती जाणकाराकडे सोपवावी.

फाइलीची जागा ठाऊक नसल्यास फाइल एक्सप्लोररच्या शोधचौकटीत तारांकन, टिंब आणि त्यापुढे पीएसटी, डीबीएक्स, ईएमएल किंवा एमएसएफ ही अक्षरे रोमन लिपीत लिहून संपूर्ण डिस्क धुंडाळावी. थंडरबर्डच्या पत्रफाइलीला एक्स्टेन्शन नसल्याने तिचा माग तिच्या एमएसएफ जोडीदारावरून काढावा.

सापडलेल्या फाइलीतील मराठी वाचता येणे

फाइल सापडली आणि उघडली, तरी मराठी पत्रांच्या बाबतीत काम पुरे होत नाही. सोपाऱ्याला अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ साली सापडला आणि वाचता आला, कारण ब्राह्मी लिपी १८३०च्या दशकातच उलगडली होती. दगड हाती आला असता पण लिपी माहीत नसती, तर तो केवळ दगडच राहिला असता. जुन्या मराठी मेलची स्थिती अशीच असते, आणि तिच्यातील अगम्य अक्षरांचे तीन वेगवेगळे प्रकार ओळखता आले पाहिजेत.

पहिला प्रकार फाइल नोटपॅडमध्ये उघडल्यावर दिसतो. मेलची मूळ व्यवस्था रोमन अक्षरांपुरती असल्याने युनिकोड मराठी मजकूर प्रवासापूर्वी रोमन चिन्हांत गुंडाळला जातो. ‘म’ हे अक्षर साठवणीत तीन बाइटचे असते आणि अशा गुंडाळणीच्या एका पद्धतीत ते प्रत्येकी बरोबर-चिन्हाने सुरू होणाऱ्या ‘ई०’, ‘ए४’, ‘एई’ या तीन जोड्यांनी लिहिले जाते. त्यामुळे एमबॉक्स फाइलीत ‘महापालिका’ हा शब्द मराठीत शोधल्यास तो सापडत नाही, मात्र मजकूर पूर्णपणे सुरक्षित असतो आणि मेल प्रोग्रॅममध्ये उघडताच नीट दिसतो.

दुसऱ्या प्रकारात प्रोग्रॅममध्येही विचित्र अक्षरे दिसतात, पण त्यांत एक ठरावीक ताल असतो: वर उलटी तिरपी रेघ असलेले रोमन ‘ए’, त्यानंतर चार टोके फुटलेल्या वर्तुळासारखे चलनचिन्ह किंवा जपानी येनचे चिन्ह, आणि मग कोणतेही तिसरे चिन्ह. देवनागरीचे प्रत्येक अक्षर युनिकोडच्या यूटीएफ-८ या रूपात याच दोन सुरुवातींपैकी एकीने लिहिले जात असल्याने ही खूण अचूक असते. अशा वेळी मजकूर युनिकोडच आहे, प्रोग्रॅम तो चुकीच्या संकेताने वाचत आहे. थंडरबर्डमध्ये ‘रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग’ आणि अन्य प्रोग्रॅममध्ये ‘एन्कोडिंग’ या यादीतील यूटीएफ-८ निवडल्यास बहुधा तो पूर्ववत होतो.

तिसऱ्या प्रकारात असा ताल नसतो. युनिकोड रुळण्यापूर्वी श्रीलिपी, आकृती किंवा पुण्याच्या सी-डॅकच्या आयएसएम यांसारख्या प्रणालींत टंकलेल्या पत्रांत मराठी अक्षरांच्या आकृत्या रोमन चिन्हांच्या जागी बसवलेल्या असत आणि फाइलीत ती रोमन चिन्हेच साठत. येथे संकेत बदलून उपयोग होत नाही. मूळ फॉन्ट नव्या संगणकावर बसवावा, किंवा त्या विशिष्ट फॉन्टसाठी बनवलेल्या परिवर्तकाने मजकूर युनिकोडमध्ये आणावा. पत्रात फॉन्टचे नाव नोंदलेले नसेल, तर त्या काळी कार्यालयात कोणते सॉफ्टवेअर होते हे जुन्या कर्मचाऱ्याला विचारणे हाच खात्रीचा उपाय ठरतो. परिवर्तन नेहमी नकलेवर करावे, कारण र-काराचे विविध प्रकार आणि जोडाक्षरे यांत परिवर्तक चुका करतात.

फाइलींचे स्थलांतर

फाइली हाती आल्यावर त्यांची अस्पर्श नक्कल बाहेरील डिस्कवर घ्यावी आणि पुढील सर्व प्रयोग दुसऱ्या नकलेवर करावेत. एमबॉक्स फाइल थंडरबर्डमध्ये न्यायची असल्यास प्रोग्रॅम बंद करून ती प्रोफाइलमधील ‘लोकल फोल्डर्स’मध्ये एक्स्टेन्शनशिवाय ठेवावी, पुन्हा उघडल्यावर त्या नावाचा फोल्डर यादीत दिसू लागतो. ईएमएल फाइली ‘इम्पोर्ट एक्स्पोर्ट टूल्स एनजी’ या थंडरबर्डच्या पूरक साधनाने आत घेता येतात. आउटलुक एक्सप्रेस चालू स्थितीत असेल, तर त्यातील पत्रे निवडून डिस्कवरील एखाद्या फोल्डरात ओढून टाकली की त्यांच्या ईएमएल फाइली बनतात, आणि डीबीएक्सचा अडथळा तेथेच सुटतो. पीएसटीसाठी संगणकावर आउटलुक बसवलेला असणे सोयीचे असते. तो नसल्यास लिनक्सवरील ‘रीडपीएसटी’ हे विनामूल्य साधन पीएसटीचे एमबॉक्समध्ये रूपांतर करते.

दोन प्रोग्रॅमना एकमेकांची घडण वाचता येत नसेल, तर आयमॅप खाते पुलासारखे वापरता येते. जुन्या प्रोग्रॅममध्ये ते खाते जोडून डिस्कवरील पत्रे त्याच्या फोल्डरात ओढावीत, ती सर्व्हरवर चढू द्यावीत आणि नव्या प्रोग्रॅममधून तेच खाते उघडावे. या मार्गाने फाइलीच्या घडणीचा प्रश्नच उरत नाही. मात्र वेळ बराच लागतो आणि सर्व्हरवरील जागा पुरली पाहिजे, जीमेलच्या विनामूल्य खात्यात ती छायाचित्रे आणि ड्राइव्ह धरून १५ जीबी आहे.

एमबॉक्स फाइल अन्य प्रोग्रॅममध्ये नेल्यावर पुसलेली पत्रे पुन्हा दिसू लागली, तर त्यात आश्चर्य नाही. थंडरबर्ड पुसलेल्या पत्रावर केवळ खूण करतो आणि फोल्डर ‘कॉम्पॅक्ट’ होईपर्यंत ते फाइलीतच राहते. दुसऱ्या प्रोग्रॅमला ती खूण कळत नाही. जाण्यापूर्वी ‘कॉम्पॅक्ट’ करावे, परंतु चुकून पुसलेले एखादे पत्र परत मिळवायचे असल्यास तोपर्यंत ते मुळीच करू नये.

पडताळणी आणि जतन

स्थलांतर झाले असे मानण्यापूर्वी प्रत्येक फोल्डरातील पत्रांची संख्या दोन्हीकडे मोजावी, सर्वांत जुने आणि सर्वांत नवे पत्र उघडावे, एखादे मोठे अटॅचमेंट उघडून पाहावे आणि मराठी विषयओळ नीट दिसते का ते तपासावे. पत्राचा ‘हेडर’, म्हणजे ते कोणत्या सर्व्हरवरून, कोणत्या वेळी निघाले आणि पोहोचले याची पत्रामागे दडलेली नोंद, शाबूत आहे याची विशेष खात्री करावी. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २०००च्या कलम ७नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद जतन केली असे ठरण्यासाठी तिचा उगम, गंतव्य आणि पाठवण्या-मिळण्याची तारीख व वेळ ओळखता येणे आवश्यक आहे. पत्रांचे केवळ कागदी छापे काढून किंवा मजकूर वर्डमध्ये चिकटवून ठेवल्यास हा तपशील नाहीसा होतो. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३नुसार न्यायालयात अशी नोंद सादर करताना प्रमाणपत्र जोडावे लागते आणि त्यात हॅश मूल्य, म्हणजे फाइलीत एक अक्षर बदलले तरी बदलणारा तिचा गणिती ठसा, नमूद करावा लागतो. वस्तू व सेवा कर कायद्याखालील लेखे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात, हेही व्यावसायिकांनी जुनी फाइल पुसण्यापूर्वी आठवावे.

मूळ फाइलींची एक प्रत कार्यालयात आणि दुसरी वरच्या मजल्यावरील एखाद्या सभासदाच्या घरी किंवा अन्य गावी ठेवावी, म्हणजे एकाच पावसात दोन्ही जाणार नाहीत. प्रत्येक डिस्कसोबत एक कागद असावा आणि त्यावर प्रोग्रॅमचे नाव व आवृत्ती, फाइलींची मूळ जागा, फोल्डरनिहाय पत्रांची संख्या, मराठीसाठी वापरलेला फॉन्ट आणि प्रत घेतल्याची तारीख लिहिलेली असावी. गृहनिर्माण संस्थेत समिती बदलताना सभावृत्त, सभासद नोंदवही आणि हिशेबाच्या वह्या यादी करून नव्या सचिवाच्या ताब्यात दिल्या जातात. त्याच यादीत या डिस्कची आणि तिच्यासोबतच्या कागदाची एक ओळ वाढवावी, म्हणजे पुढच्या सचिवाला हा सारा शोध नव्याने घ्यावा लागणार नाही.